विजेचे बिल : भरण्याआधी वाचावयाचा कागद

आम्ही कापडाचे व्यापारी. भिवंडीहून ठोक माल उचलावा आणि शहापूर, मुरबाडच्या पेठेत किरकोळ विकावा, हा आमचा रोजचा उद्योग. या धंद्यात ताग्याची लांबी मोजून घेतल्याशिवाय कोणी पैसे देत नाही. बिलात दोन मीटरचा फरक निघाला तर गाठोडे परत जाते. परंतु तोच व्यापारी, तोच कारागीर विजेचे बिल हाती आले की फक्त दोन गोष्टी पाहतो, रक्कम किती आणि शेवटची तारीख कोणती. मधला सारा मजकूर न वाचताच राहतो. रक्कम जास्त वाटली तर तो वायरमनशी हुज्जत घालतो, कमी वाटली तर खुदाचे आभार मानतो. दोन्ही वेळी हिशेब तपासलेला नसतो.

आमच्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, त्यामुळे सरकारी मराठीतले ‘समायोजित’, ‘प्रलंबित’, ‘अनुज्ञेय’ असले शब्द पाहिले की कागद बाजूला ठेवावासा वाटतो. हे शब्द दिसतात तितके अवघड नाहीत. व्यापारी बंधूंनी आणि कारागीर भाईंनी अर्धा तास काढून घरचे व दुकानचे, अशी दोन्ही बिले समोर ठेवावीत आणि हा लेख वाचावा, अशी विनंती आहे.

प्रथम कोणाचे काम काय हे समजून घ्यावे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले. जून २००५ मध्ये त्याचे विभाजन झाले आणि घरोघर वीज पोहोचविण्याचे काम महावितरण कंपनीकडे आले. शहापूर व मुरबाड हे दोन्ही तालुके तिच्या कल्याण परिमंडळात येतात. लोक अजून ‘बोर्डाचे बिल’ म्हणतात, म्हणोत. मात्र दर कोण ठरवतो हे माहीत असणे जरुरीचे आहे. मंडळाच्या जमान्यात दर मंडळ आणि सरकार यांच्याकडूनच ठरत. १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग अस्तित्वात आला आणि तेव्हापासून दर आयोग ठरवतो. कंपनी प्रस्ताव देते, आयोग जाहीर सुनावणी घेतो, तिथे कोणीही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. पुण्याची प्रयास संस्था, मुंबई ग्राहक पंचायत आणि इचलकरंजीच्या यंत्रमाग पट्ट्यातून उभी राहिलेली वीज ग्राहकांची चळवळ यांनी या सुनावण्यांत मोठे काम केले आहे. आपल्या तालुक्यांतून तिथे क्वचितच कोणी जाते. तेव्हा दर जास्त आहे म्हणून शहापूरच्या कचेरीत भांडणे व्यर्थ आहे, तो त्यांच्या हातात नाही. रीडिंग, वर्गवारी आणि हिशेब या गोष्टी मात्र कचेरीच्या हातातल्या आहेत आणि चूक झाली तर तिथेच विचारायच्या आहेत.

ज्यांचे माग किंवा गोदाम भिवंडीत आहे त्यांना तिथले बिल वेगळ्या छपाईचे येते. जानेवारी २००७ पासून तिथले वितरण टोरंट पॉवर कंपनी महावितरणची फ्रँचायझी म्हणून पाहते. दर तिथेही आयोगाचेच लागू असतात.

आता बिल हाती घ्यावे. वरच्या बाजूला बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण तक्रार, भरणा, चौकशी सारे त्यावर चालते. त्याजवळ मीटर क्रमांक असतो. तो आपल्या भिंतीवरच्या मीटरशी जुळवून पाहावा. ज्या चाळीत एका फळीवर आठ-दहा मीटर असतात तिथे नवे मीटर बसवताना क्रमांकांची अदलाबदल होऊ शकते, आणि मग शेजारी पिठाची गिरणी चालवतो नि बिल आपण भरतो असा प्रकार होतो. जुळवून पाहायला दोन मिनिटे लागतात.

पुढे चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि गुणक. चालूमधून मागील वजा करून गुणकाने गुणले की युनिट निघतात. घरगुती व लहान दुकानाच्या मीटरला गुणक बहुधा १ असतो. मोठ्या भाराच्या जोडणीत तो वेगळा असू शकतो, आणि तो चुकला तर सारे बिल त्याच पटीत चुकते. म्हणून कारखानदाराने मीटर बसवताना दिलेल्या कागदावरील गुणक जपून ठेवावा.

खरी मेख रीडिंगमध्ये आहे. रीडिंगच्या रकान्यात आकड्याऐवजी घर बंद, मीटर सदोष अशा अर्थाचा शेरा असेल तर ते बिल सरासरीचे आहे असे समजावे. डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूला पावसाळ्यात पाड्यापर्यंत जाणे कठीण. कसाऱ्याकडचा माणूस पहाटेची लोकल धरून कामावर जातो, घराला कुलूप असते. अशी बिले कधी ना कधी येणारच. सरासरीचे बिल येणे हा गुन्हा नाही, पुढचा हिशेब बरोबर झाला पाहिजे एवढेच.

तो कसा होतो ते पाहू. घरगुती विजेचा दर टप्प्यांचा असतो. महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांना एक दर, त्यापुढे ३०० पर्यंत बराच चढा दर, पुढे आणखी चढा. समजुतीपुरते धरू की पहिल्या शंभराला ५ रुपये आणि पुढच्याला १२ रुपये. हे आजचे दर नव्हेत, हिशेबाला सोपे म्हणून घेतले. एका घरात दरमहा ९० युनिट जळतात. दोन महिने कुलूप म्हणून ६० युनिटांची सरासरी लागली आणि प्रत्येकी ३०० प्रमाणे ६०० रुपये भरले. तिसऱ्या महिन्यात रीडिंग झाले तेव्हा तीन महिन्यांचे एकूण २७० युनिट निघाले. हे २७० एकाच महिन्यात जळाले असे मानले तर १०० चे ५०० आणि १७० चे २,०४० मिळून २,५४० रुपये होतात. भरलेले ६०० वजा जाऊन १,९४० ची मागणी येईल. परंतु तीन महिन्यांत ५ रुपयांचा टप्पा ३०० युनिटांपर्यंत मिळाला पाहिजे. तसे केले तर २७० गुणिले ५ म्हणजे १,३५० आणि ६०० वजा जाऊन द्यावयाचे ७५०. वीज तीच, मीटर तेच, पण १,१९० रुपयांचा फरक. गरीब घरात एवढ्यात पंधरवड्याचा किराणा येतो. टप्प्यांचा हा लाभ मिळणे ग्राहकाचा हक्क आहे. कित्येक महिन्यांचे एकत्र रीडिंग असलेल्या बिलावर किती महिन्यांचे बिल आहे ते लिहिलेले असते, तो आकडा पाहावा. तो १ असेल आणि युनिट मात्र तीन महिन्यांचे असतील तर लागलीच अर्ज करावा.

हा प्रश्न साऱ्या राज्याने एकदम अनुभवला तो २०२० साली. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, रीडिंग थांबले, आणि मागील हिवाळ्याच्या महिन्यांच्या सरासरीने बिले निघाली. प्रत्यक्षात एप्रिल-मेच्या उकाड्यात सारी माणसे घरात कोंडलेली, पंखे दिवसरात्र चालू. त्यातच १ एप्रिल २०२० पासून नवे दर लागू झाले होते. जूनमध्ये रीडिंग झाले आणि तीन महिन्यांचा फरक एका बिलात आला तेव्हा लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. धंदा तीन महिने बंद, रमजान ईदचा माल गोदामात पडून, आणि हातात हे बिल. कंपनीने टप्प्यांचा लाभ दिल्याचा खुलासा केला, तीन हप्त्यांची सवलत दिली आणि एकरकमी भरणाऱ्यास दोन टक्के सूट दिली. आमच्या मते त्या वेळी अर्धा गोंधळ रकमेमुळे आणि अर्धा बिल न समजल्यामुळे झाला. खुलासा बिलासोबत साध्या भाषेत आला असता तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता. ग्राहकाला मोबाइल अॅपवरून स्वतः रीडिंग पाठविण्याची सोय महावितरणने केली आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाकडे हे काम सोपवावे.

मीटर जोरात पळते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिची पहिली परीक्षा घरीच होते. सारी उपकरणे बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. सारे बंद असताना तो लुकलुकत असेल तर कुठे गळती आहे किंवा आपल्या वायरवर दुसऱ्याचे काही जोडलेले आहे. मग फक्त हजार वॅटचे एक उपकरण, पाण्याचा हीटर म्हणा, लावून पाहावे. एका तासाला एक युनिटाच्या आसपास चढले पाहिजे. इस्त्री यासाठी घेऊ नये, ती आपोआप बंद-चालू होत असते. फरक मोठा निघाला तर फी भरून मीटर तपासणीचा अर्ज करावा. आयोगाच्या विनियमांप्रमाणे मीटर सदोष ठरले तर तपासणीच्या निष्कर्षानुसार जास्तीत जास्त मागील तीन महिन्यांची बिले दुरुस्त होतात. मीटर बंदच पडले असेल तरी सरासरीची आकारणी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळाची करता येत नाही. सहा-आठ महिने ‘मीटर सदोष’ शेऱ्याची बिले निमूटपणे भरणारे लोक आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता कारागिरांच्या सर्वांत जिव्हाळ्याचा विषय, तो म्हणजे वर्गवारी. बिलावर दराचा संकेत छापलेला असतो. लघुदाबात घरगुती एक, दुकान-कचेरी म्हणजे वाणिज्यिक दोन, कारखाना पाच, त्यातही यंत्रमागाला वेगळा पोटवर्ग. एकाच युनिटाला घरी एक भाव आणि दुकानात दुसरा. वीज शुल्कसुद्धा घराला १६ टक्के तर दुकानाला २१ टक्के. आता प्रश्न असा की राहत्या घराच्या ओटीवर दोन शिलाई मशिने ठेवून कपडे शिवणारा, जरीकाम करणारी बहीण, बांगड्या वा बेकरीचा माल घरून विकणारा, यांचे घर हे घर की दुकान?

पुष्कळ कारागीर या भीतीत असतात की कोणी तपासणीला आले तर चोरीचा आळ येईल. त्या भीतीपोटी कोणी वाणिज्यिक मीटर घेऊन बसतो, तर कोणी ‘साहेबांना सांभाळून घेतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवतो. आयोगाच्या दर आदेशांत याचे उत्तर दिलेले आहे. राहत्या घराच्या काही भागात धंदा करणारा ग्राहक, ज्याचा वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत आहे, त्याला घरगुती दरच लागतो. ३,६०० ची मर्यादा ओलांडली तर पूर्वसूचना देऊन पुढे दुसरा दर लावता येतो.

तीनशे युनिटांत कारागिराचे भागते का? हिशेब करू. १०० वॅटच्या दोन शिलाई मोटारी रोज आठ तास चालल्या तर महिन्याच्या २६ दिवसांत सुमारे ४२ युनिट. इस्त्री दिवसाला दोन युनिट धरली तर ५२. दोन पंखे बारा-बारा तास ५४, दिवे ७, फ्रिज ३०, टीव्ही १२. बेरीज १९७. म्हणजे घर आणि धंदा मिळून शंभर युनिट शिल्लक राहतात. मोठ्या क्लच मोटारीची मशिने वापरणाऱ्याने आपला हिशेब वेगळा करावा, ती जास्त ओढतात. ज्याची जागा फक्त दुकान आहे, तिथे कोणी राहत नाही, त्याला ही सवलत नाही. आणि घरगुती मीटरवरून शेजारच्या गाळ्यात वायर नेणाऱ्याला तर मुळीच नाही.

कारण त्याला विद्युत अधिनियम २००३ चे कलम १२६ लागते. मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरली असे ठरले तर त्या वापराच्या दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि केव्हापासून वापर चालू आहे ते ठरवता आले नाही तर मागील बारा महिन्यांची. यात आधी तात्पुरत्या आकारणीचा कागद मिळतो, त्यावर लेखी हरकत घेता येते, मग अंतिम आदेश निघतो. त्यावर तीस दिवसांत अपील करता येते, मात्र अर्धी रक्कम भरावी लागते. हे सारे चोरीहून वेगळे आहे. चोरीचे कलम १३५ असून तो फौजदारी मामला आहे. तपासणीचे पथक आले तर त्यांच्या कागदावर कोणते कलम लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही करू नये आणि प्रत मागून घ्यावी.

मशिदीच्या विश्वस्तांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. मशीद, मंदिर, गुरुद्वारा, चर्च अशा प्रार्थनास्थळांना आयोगाने घरगुती वर्गात ठेवले आहे. पण भाड्याने दिला जाणारा हॉल किंवा खालचे गाळे यांना वाणिज्यिक दर लागतो. तेव्हा गाळ्यांचे मीटर अगदी वेगळे ठेवावेत. भाडेकरूच्या दिव्यासाठी मशिदीच्या मीटरवर संकट येऊ देऊ नये. आणि मशिदीच्या बिलावर संकेत कोणता पडला आहे तेही एकदा पाहून घ्यावे.

बाकीचे रकाने चटकन पाहू. स्थिर आकार हा जोडणीचा असतो, दुकान महिनाभर बंद असले तरी तो येतो. वीज आकार युनिटांचा. वहन आकार म्हणजे तारांवरून वीज आणण्याचे भाडे. हा पूर्वी वीज आकारातच मिसळलेला होता, २०१६ च्या आदेशापासून वेगळा दाखवतात. म्हणून जो फक्त वीज आकाराचा दर गुणून पाहतो त्याचा हिशेब कधीच जमत नाही. इंधन समायोजन आकार कोळशाच्या व वीज खरेदीच्या किमतीप्रमाणे चढतो-उतरतो. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरल्यास एक टक्का सूट मिळते, मुदत टळली तर सव्वा टक्का अधिभार. ऑगस्ट २०२३ पासून शेती सोडून लघुदाब ग्राहकाला रोखीने महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच भरता येतात. रोखीची सवय असलेल्या दुकानदारांनी हे ध्यानात ठेवावे.

उन्हाळ्यात एक जादा बिल येते, ते सुरक्षा ठेवीचे. पुष्कळांना ते बोगस वाटते. २०२१ च्या विनियमांनुसार मासिक बिलाच्या ग्राहकाची ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असावी लागते, वापर वाढला की फरक मागतात. ठेव ग्राहकाचीच राहते आणि तिच्यावरचे व्याज बिलात जमा व्हावे लागते. व्याजाबाबत ज्याचा जसा अकीदा तसे त्याने ठरवावे. पण जमा झाले की नाही हे पाहणे हिशेबाचा भाग आहे.

जुन्या थकबाकीचा विषय धंद्यात फार त्रास देतो. गाळा विकत किंवा भाड्याने घेताना आधीच्या माणसाचे बिल थकलेले असेल तर ते जागेवर चढते. विनियमांप्रमाणे वारसाकडे पूर्ण थकबाकी येते. इतर नव्या मालकाकडून वा भोगवटादाराकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकलेल्या आकारापुरतीच वसुली करता येते. तरी बयाणा देण्यापूर्वी शेवटचे बिल मागून पाहावे हे उत्तम.

दुसरा प्रकार म्हणजे चार-पाच वर्षांनी ‘तुम्हाला चुकीचा दर लावला होता’ म्हणून निघणारी मागणी. कलम ५६ च्या दुसऱ्या पोटकलमात दोन वर्षांची मर्यादा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च २०१९ मध्ये सांगितले की पहिल्या मागणीच्या तारखेपूर्वीच्या दोन वर्षांहून जास्त काळाचे पैसे मागता येत नाहीत. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील रहमतुल्ला खान या ग्राहकाच्या प्रकरणात निकाल दिला. तिथे २००९ ते २०११ या काळाची मागणी कंपनीने २०१४ साली काढली होती. न्यायालय म्हणाले की चूक सापडल्यावर कंपनी जादा मागणी काढू शकते, परंतु दोन वर्षांनंतर त्या रकमेसाठी वीज तोडण्याचा उपाय तिला वापरता येत नाही. म्हणजे दावा करता येईल, दुकान अंधारात घालता येणार नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. असली मागणी आली तर घाबरून सारी रक्कम भरू नये, वकिलाला या दोन्ही निकालांसह कागद दाखवावा.

चालू बिल थकले तरीसुद्धा वीज तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरावी, म्हणजे वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. ‘आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मोबाइलवर येणारा संदेश ही नोटीस नव्हे, ती ठगी आहे. त्या नंबरवर बोलू नये, काही डाउनलोड करू नये.

तक्रारीचा मार्ग असा. प्रथम शहापूर वा मुरबाडच्या उपविभागीय कचेरीत लेखी अर्ज द्यावा. तोंडी बोलणे कितीही गोड झाले तरी त्याचा पुरावा राहत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. वीज गेल्याची किंवा साधी तक्रार १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर होते, तिथला तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. कंपनीकडे दाद लागली नाही तर कल्याणला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. मुरबाडहून एसटीने आणि शहापूरकरांनी आसनगावहून लोकलने जावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे गेले पाहिजे, मंचाने साठ दिवसांत निकाल द्यावा असा नियम आहे. वकील लागत नाही, मराठीत अर्ज चालतो. कलम १२६ आणि चोरीची प्रकरणे मात्र मंच ऐकत नाही. मंचाचा निकाल मान्य नसेल तर साठ दिवसांत मुंबईला विद्युत लोकपालांकडे जाता येते. जाताना मागील बारा महिन्यांची बिले, भरण्याच्या पावत्या, शिक्का मारलेला अर्ज आणि मीटरचा तारखेसह काढलेला फोटो एवढे कागद पिशवीत असावेत. त्यांतला एखादा राहून गेला तर पुढची तारीख घेऊन पुन्हा कल्याणची फेरी पडते, आणि त्या दिवसाची दुकानदारी बुडते.